चार मथळ्यांची बाई

आमच्या गटाचा नियम असा की स्वतःचा ट्रॅक टाकायचा असेल, तर आधी दुसऱ्या दोघांच्या ट्रॅकवर अभिप्राय लिहायचा. नुसतं 'मस्त' किंवा 'भारी' लिहिलं तर ते धरत नाहीत. मला हा नियम पहिल्याच दिवशी पटला. फुकटात कोणी कोणाचं ऐकत नाही असं गृहीत धरून तो केलेला होता, आणि माणसांबद्दल माझं मतही साधारण तेच आहे.

गट ऑनलाइन आहे. व्हिडिओ गेममध्ये मागे वाजत राहतं तसलं वाद्यसंगीत स्वतः रचणारी हौशी मंडळी तिथे जमतात. गाण्याला शब्द नसतात, गायक नसतो; संपलं की ते पुन्हा पहिल्यापासून वाजतं, त्याला फेरा म्हणतात. कोणी बर्फाच्या गुहेचं संगीत करतो, कोणी शेवटच्या राक्षसाशी होणाऱ्या लढाईचं. तो गेम खरोखर कुठे असतोच असं नाही. बहुतेक वेळा गेमच नसतो, फक्त गुहा डोक्यात असते. सगळे टोपणनावांनी वावरतात, आणि सगळे एकमेकांना सांगतात की तुमच्या गुहेत गारवा कमी पडतो.

पन्नाशीला आलेली, हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी करणारी बाई तिथे कशी पोहोचली, असं मला कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांनी विचारून झालं आहे. उत्तर सरळ आहे. बेसा भागातल्या आमच्या घरात मुलगी बारावीपर्यंत हॉलमध्ये गेम खेळायची आणि मी स्वयंपाकघरात असायची. मला गेम कधी दिसला नाही, तो मी ऐकला. ती जंगलात आहे, पाण्याखाली आहे की कोणाच्या तावडीत सापडली आहे, हे मला पोळ्या लाटता लाटता सुरांवरून कळायचं. मग ती नोकरीसाठी पुण्याला गेली. कॉम्प्युटर मागे राहिला आणि घर फार शांत झालं. माझे वडील वस्तीतल्या गाण्याच्या पार्टीत बुलबुल तरंग वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांना घरी जेवायला वेळ नसायचा. ते बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य माझ्याकडे आहे. मुलीने फोनवरून सॉफ्टवेअर शिकवलं, मी मोबाइलवर बुलबुल तरंगाचे छोटे छोटे तुकडे रेकॉर्ड केले, आणि एकेक तुकडा जोडत गेले. जोडकाम मला येतं.

नोकरीत मी क्वालिटी विभागात आहे. गाड्यांच्या वायरी जागेवर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा आमच्याकडे बनतात आणि त्या तपासणं माझं काम. क्लिप चांगली आहे असं पुरवठादाराने किंवा सुपरवायझरने कितीही गोड सांगितलं तरी मी ती गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघते. इतकी वर्षं हेच केल्यावर दोष लिहायची एक पद्धत अंगात मुरते. मी गटात अभिप्राय लिहायला बसले तेव्हा मला दुसरी पद्धत सुचलीच नाही. ट्रॅक मी बसमध्ये इअरफोन लावून ऐकायची, ऐकता ऐकता टिपून ठेवायची, संध्याकाळी पुन्हा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायची, आणि मग लिहायची :

'निरीक्षण : ढोल बाकी वाद्यांना झाकून टाकतो. ठिकाण : दुसऱ्या फेऱ्याच्या सुरुवातीपासून. गंभीरता : मध्यम. सुचवलेली दुरुस्ती : ढोलाचा आवाज कमी करावा किंवा बासरी वर आणावी. धन्यवाद.'

बसमध्ये शेजारी बसणाऱ्या स्टोअरमधल्या बाईंनी एकदा विचारलं, "काय ऐकून राहिल्या मॅडम? भजन का?"

"नाही. राक्षस मरून राहिला."

"मंग तुम्ही काय लिहून राहिल्या?"

"तो नीट मरून नाही राहिला, ते."

त्यानंतर त्यांनी बरेच दिवस पलीकडच्या रांगेतली खिडकीकडची जागा धरली.

मला मिळणारे अभिप्राय मात्र मला कधी पचले नाहीत. कोणी दोष काढला तर मला बरं वाटायचं, कारण दोष काढायला ऐकावं लागतं. कौतुकाचं तसं नसतं. गटात एक जण होता, तो सगळ्यांचं कौतुक करायचा. 'डोळ्यांसमोर धुकं उभं राहिलं', 'मन त्या वाटेवरून चालू लागलं' असलं काहीतरी. माझ्या एका ट्रॅकखाली त्याचं असं धुकं ट्रॅक संपायच्या आत येऊन पडलं होतं. म्हणजे टाकल्यापासून तो पूर्ण वाजायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही गेला नव्हता. हा ऐकत नाही, हे मला तिथेच कळलं. मग हा माणूस आहे की एखादं यंत्र बसवलेलं आहे, की याला पुढे आपल्याकडून काही हवं आहे? मी घरी बोलून दाखवलं.

आमचे हे धरमपेठेत एका चष्म्याच्या दुकानात काम करतात. आयुष्यभर लोकांना 'आता स्पष्ट दिसते का' विचारून त्यांचा स्वभाव मऊ झाला आहे.

"तुले कोणी चांगलं म्हटलं तरी तू त्याची चौकशी लावते," ते म्हणाले. "मी लग्नाच्या वेळी तुले सुंदर म्हटलं होतं, तेव्हा काय केलं होतं वं?"

"तुमचा चष्म्याचा नंबर विचारला होता."

"तेच म्हणून राहिलो."

मग गटाच्या मॉडरेटरने, म्हणजे गट सांभाळणाऱ्या माणसाने, जाहीर केलं की गटातल्याच दोघा-तिघांनी एक छोटा गेम खरोखर बनवला आहे. तो फुकट वाटायचा आहे आणि त्यातलं सगळं संगीत गटातूनच घ्यायचं आहे. मी माझा दुकानाचा ट्रॅक दिला. अशा खेळांत नायक तलवार, औषध, नकाशा घ्यायला एका दुकानात शिरतो. त्या सगळ्या पसाऱ्यात दुकान ही एकच जागा अशी असते, जिथे कोणी मागून येऊन मारत नाही. मला ती जागा पहिल्यापासून आवडायची. मुलगी दुकानात शिरली की स्वयंपाकघरात माझेही खांदे खाली यायचे. तो ट्रॅक मी फार सावकाश केला होता.

तो निवडला गेला. मॉडरेटरने लिहिलं की खेळाच्या शेवटी सगळ्यांची नावं येतील, टोपणनाव द्यायचं की खरं ते कळवा. मी माझं पूर्ण नाव कळवलं.

यात एवढं काय, असं कोणालाही वाटेल. माझ्या हाताखालून इतक्या क्लिपा गेल्या, त्यांच्या खोक्यांवर माझा एक शिक्का असतो आणि शिक्क्यात एक आकडा. मी रजेवर असले तर तो शिक्का दुसरी कोणी मारते. घरी मी कोणाची तरी आई, कोणाची तरी सून आहे. माझ्या हातून झालेल्या एखाद्या वस्तूखाली माझं नाव लागण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मला ते तिथे हवं होतं. फार हवं होतं. कारखान्यात मी कोणाला सांगितलं नाही, कारण वस्तू हातात येईपर्यंत तिची ऑर्डर आली असं मी धरत नाही.

बरोबरच केलं. पुढच्याच आठवड्यात मॉडरेटरचा खासगी निरोप आला.

'नमस्कार. काही सदस्यांची तक्रार आहे की तुमचे अभिप्राय एआयकडून लिहून घेतलेले असतात. प्रत्येक वेळी तेच चार मथळे, एकही चूक नाही, शेवटी धन्यवाद. रोज ठरावीक वेळेलाच येतात. अभिप्राय यंत्राचे असतील तर ट्रॅकही यंत्राचा असू शकतो, असं त्यांचं म्हणणं आहे. गेममध्ये यंत्राचं संगीत घ्यायचं नाही असं ठरलेलं आहे. त्यामुळे तुमचा ट्रॅक आणि नाव सध्या थांबवलं आहे. व्हिडिओ कॉलवर येऊन कॅमेरा सुरू ठेवून, स्क्रीन शेअर करून ट्रॅकची मूळ फाइल दाखवलीत तर शंका दूर होईल.'

मी तो निरोप तव्यासमोर उभी राहून वाचला.

"काहून वं, पोळी जाळून राहिली?" ह्यांनी विचारलं.

"मी मशीन आहे म्हणतात."

"कोण म्हणते?"

"गटातले."

"मंग त्यायले सांग ना, मशीन असती तर संगं गॅरंटी कार्ड भेटलं असतं. मले तर काहीच नाही भेटलं."

मला हसू आलं नाही. निरोप मी पुन्हा वाचला आणि मला त्यात वेगळंच दिसायला लागलं. कॅमेरा सुरू ठेवा, स्क्रीन दाखवा. असल्या कॉलवर लोकांची खाती रिकामी होतात, हे आम्हाला कंपनीत सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. आधी कसला तरी आरोप करायचा, माणूस घाबरला की 'स्क्रीन दाखवा म्हणजे शंका मिटेल' म्हणायचं, ही त्यांची पद्धतच असते. गेम खरा आहे हे मला कोणी सांगितलं? मॉडरेटरने. मॉडरेटर खरा आहे हे कोणी सांगितलं? तेही त्यानेच.

"आता फक्त ओटीपी मागायचा राहिला," हेही गंभीर झाले. त्यांच्या दुकानातल्या एकाचे पैसे तसेच गेले होते.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मॉडरेटर आहे तो. चोर नाही."

"चोर काय सांगून येतो का?"

"आणि एक सांगू? तुझे अभिप्राय मी वाचलेत. मी तुझी मुलगी नसते ना, तर मलाही तसंच वाटलं असतं."

हे मला लागलं. तक्रार कोणी केली असेल याचा मी विचार सुरू केला. ज्याच्या ढोलाला मी झाकणारा म्हटलं होतं तो ढोलवाला पहिल्या क्रमांकावर होता. धुकंवाल्याची तक्रार कोणी केली नव्हती, हे मात्र लक्षात घेण्यासारखं होतं. न ऐकता लिहिणारा माणूस ठरला होता, आणि दोनदा ऐकून लिहिणारी मी यंत्र.

"थोडं माणसासारखं लिही," मुलगी म्हणाली.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे 'अरे यार' वगैरे. एखादी चूक होऊ दे. मध्येच विषय सोडून दे. सगळे तसंच लिहितात, आई."

मी प्रयत्न केला. एका समुद्राच्या ट्रॅकखाली लिहिलं, 'अरे यार भारीच!! ऐकता ऐकता भाजी लागली माझी. लाटा छान पण थोड्या जास्त झाल्या का? बघा तुम्हीच.' लिहून झाल्यावर मला कोणाच्या तरी साडीत बाहेर पडल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने खाली ढोलवाल्याचं उत्तर आलं : 'वा! आता यंत्राला "माणसासारखं लिही" अशी आज्ञा दिलेली दिसते.'

आणि ते खरंच होतं. आज्ञा दिलेली होती. मुलीने, मला.

त्या दिवशी मी ठरवलं की कॉलवर जायचं, पण माझ्या अटींवर. मॉडरेटरला कळवलं : स्क्रीन दाखवणार नाही. मूळ फाइल आधीच पाठवते, ती तुमच्याकडे उघडा. कॅमेरा दोघांचाही सुरू राहील. वेळ रविवारी सकाळी. त्याने 'चालेल' एवढंच लिहिलं, आणि इतक्या लवकर चालल्यामुळे मला पुन्हा शंका आली.

रविवारी मी बँकेचं ॲप असलेला मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बुलबुल तरंग मांडून बसले. हे वायफायच्या खोक्यापाशी स्टूल टाकून बसले, हात बटणावर.

"काही उलटंसुलटं वाटलं तर नुसती मान हलव. मी बंद करतो."

"कोणत्या बाजूले हलवू?"

"कोणत्याही. तू शोभेसाठी थोडीच हलवशीन."

स्क्रीनवर पस्तिशीचा एक माणूस उगवला. मागे कपडे वाळत घातले होते. त्याच्या घरातून कोणीतरी 'अरे, गॅस बंद कर' म्हणून ओरडलं आणि तो 'आलो, आई' म्हणत उठून गेला. चोराच्या घरीही गॅस असतो, हे मी स्वतःला बजावलं. परत येऊन तो पुण्याकडच्या शुद्ध मराठीत बोलायला लागला. तशा माणसासमोर मीही आपोआप शुद्ध बोलायला लागते आणि मग मला माझाच संशय येतो.

"ताई, फाइल बघितली. तुकडे बरेच आहेत. पण फाइल कुठूनही आणता येते. तुम्ही तो ट्रॅक आत्ता वाजवून दाखवाल का?"

मी वाजवायला घेतला. सुरुवात बरी झाली. पुढे जिथे सूर वर चढतो तिथे बोट चुकीच्या बटणावर गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच चुकलं. मी तो ट्रॅक अख्खा कधी वाजवलाच नव्हता. एक ओळ आज, एक ओळ परवा, त्यातली चांगली ठेवायची, बाकीची टाकायची, असा तो झाला होता. वडिलांचा हात माझा नाही. वडील तो एका बैठकीत वाजवून उठले असते. मी त्याला हे समजावून सांगितलं.

"हं," तो म्हणाला.

हा 'हं' माझ्या ओळखीचा होता. खराब मालाची कारणं पुरवठादार सांगत असतो तेव्हा मी तोच काढते. स्टुलावरून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान स्थिर ठेवली. आपलं नाव गेलं, एवढंच मला कळत होतं.

"बरं, दुसरं करू," तो म्हणाला. "एक ट्रॅक लावतो. तो अजून गटात आलेला नाही. ऐका आणि संपला की लगेच मत सांगा. कुठे लिहायचं नाही, शोधायचं नाही. लगेच."

त्याने लावला. बासरी होती, मागे हलका ठेका, मध्ये व्हायोलिन. एखादा गेम सुरू होताना नाव झळकतं, तिथे वाजतं तसं काहीतरी. संपल्यावर मी म्हणाले,

"निरीक्षण. शेवट आणि सुरुवात यांचा जोड कळतो. ठिकाण, ठेक्याच्या शेवटच्या ठोक्यावर. गंभीरता कमी, कारण पहिल्या पडद्यावर माणूस जास्त वेळ थांबत नाही. दुरुस्ती, शेवटचा ठोका काढून टाकावा. धन्यवाद."

तो इतका हसला की कॅमेरा हलला.

"अहो, तुम्ही बोलतासुद्धा अशाच!"

"घरीही अशीच बोलते जी!" हे वायफायपाशी बसून ओरडले. "परवा माझ्या हातचं वरण होतं. निरीक्षण, मीठ नाही. ठिकाण, सगळीकडे. गंभीरता, जास्त!"

"दुरुस्ती काय सुचवली?" त्याने विचारलं.

"तुम्ही बाहेर बसा, म्हणाली."

"ताई, माफ करा," तो डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही माणूस आहात. मी गटाला तसं सांगतो."

असा दाखला मला याआधी कोणी दिला नव्हता. ह्यांनी बटणावरचा हात काढला. इथे कॉल संपवायला हरकत नव्हती. पण एक मुद्दा राहिला होता, आणि राहिलेला मुद्दा घेऊन मी उठू शकत नाही.

"अजून एक आहे," मी म्हणाले. "मधला भाग. व्हायोलिन येतं तिथपासून बासरी परत येईपर्यंत. तो भाग बाहेरून आणल्यासारखा वाटतो."

"बाहेरून म्हणजे?"

"बाकी सगळीकडे हात कळतो. बासरी प्रत्येक ओळीत थोडी उशिरा येते, ठेका थोडा पुढेमागे होतो. ते चांगलं आहे, ते कोणाचं तरी आहे. मध्ये एकदम सगळं सारखं होतं. आणि व्हायोलिनचा तो सूर इतका लांब आहे की वाजवणाऱ्याने तारांवरचा गज परतवलेलाच नाही. इतका लांब गज कोणाकडे नसतो."

त्याने एकदा मागे वळून बघितलं. मागे कोणीतरी भांडी ठेवत होतं.

"ते सॉफ्टवेअरचं व्हायोलिन आहे, ताई. त्याला गज नसतो."

"असेल. हा ट्रॅक कोणाचा आहे?"

"माझाच," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "हे शेवटचं तेवढं गटात नको लिहायला. लोक आधीच तापलेत. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघतोय. तुमच्या नावाचं मी बघतो."

कॉल संपला. हे खूश होऊन चहा ठेवायला उठले. "झालं ना! तुझं नाव येते आता."

"'बघतो' म्हणाला."

"म्हणजे येते."

"पुरवठादारही असंच म्हणतात. 'मॅडम, एवढा लॉट बघून घ्या, पुढचं आम्ही बघतो.'"

"मंग तू काय करते तेव्हा?"

मी तरीही तो लॉट गेजमध्ये घालते, हे त्यांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात मॉडरेटरने तो ट्रॅक गटात टाकला आणि सगळ्यांना मत विचारलं. खाली धुकंवाल्याचं धुकं ताबडतोब पसरलं. बाकीचेही कौतुकच करत होते. मी गप्प बसले असते तरी नियम मोडला नसता, कोणाच्या ट्रॅकवर लिहायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. हेही तेच म्हणाले, "दुसऱ्याचं ऐक ना वं. जगात गाणे कमी आहेत का?"

पण मला तो ट्रॅक सोडून दुसरं काही ऐकू येईना. हा मला अडकवायला बघत असेल का, असाही विचार आला. लिहिलं नाही तर माझं नाव त्याच्या उपकारावर लागणार. लिहिलं तर तो म्हणणार की बाईने डूख धरला. शिवाय मला खात्री नव्हती. सॉफ्टवेअरच्या व्हायोलिनला गज नसतो, हे त्याचं म्हणणं बरोबर असू शकत होतं. गेजमध्ये घालून बघावं अशी ती वस्तू नव्हती. माझ्याकडे फक्त माझे कान होते, आणि ते शिकलेले नव्हते.

सकाळच्या बसमध्ये मी लिहिलं. जेवढं ऐकलं तेवढंच लिहिलं. 'निरीक्षण : व्हायोलिनचा मधला भाग आधीच्या आणि नंतरच्या भागाशी जुळत नाही, वेगळ्या हाताचा वाटतो. ठिकाण : व्हायोलिन येतं तिथपासून बासरी परतेपर्यंत. गंभीरता : ठरवता आली नाही. सुचवलेली दुरुस्ती : करणाऱ्याने स्वतः पुन्हा ऐकावं. धन्यवाद.' 'ठरवता आली नाही' असं मी याआधी कधी लिहिलं नव्हतं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं तेव्हा स्टोअरमधल्या बाई म्हणाल्या, "आज कोण मेलं, मॅडम?"

"माहीत नाही अजून," मी म्हटलं आणि पाठवून दिलं.

दिवसभर काही आलं नाही. संध्याकाळी ढोलवाल्याने खाली लिहिलं, 'मलाही तो भाग वेगळा वाटला होता. म्हटलं नाही.' मग अजून एकाने तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी मॉडरेटरने ट्रॅक काढून घेतला, 'दुरुस्तीसाठी' एवढाच शब्द टाकून. मला त्याने काही लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या नावाचं काय झालं हे मला कळत नव्हतं, आणि विचारलं तर त्याची किंमत काय पडेल हेही कळत नव्हतं.

गेम आला तेव्हा मुलगी सुटीवर घरी होती. तिनेच तो कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. हे तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, मी थोडी लांब. पहिला पडदा उघडला. तिथे फक्त बासरी होती आणि हलका ठेका. व्हायोलिन नव्हतंच.

"आधी शेवटची नावं दाखव," मी म्हटलं.

"आई, नावं शेवटी असतात. खेळावं लागतं."

पण पहिल्या पडद्यावरच नावांचं एक बटण होतं. तिने ते दाबलं. नावं वर सरकायला लागली. ढोलवाला गेला, धुकंवाला गेला, आणखी कोण कोण गेले. सगळ्यात शेवटी 'दुकान' असं लिहिलं होतं आणि त्यापुढे माझं नाव. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, जसं मी कळवलं होतं तसंच.

मुलगी किंचाळली. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून बघितलं.

"दुकान तर खेळात लवकर येतं," मी म्हणाले. "मग नाव शेवटी कसं? मागून घातलेलं दिसतं."

"झालं सुरू," हे म्हणाले.

"काढलेलं असेल आणि मग परत घातलं असेल. मी लिहिलं म्हणून घाबरून घातलं, की लिहिलं तरीही घातलं? ट्रॅक चांगला होता म्हणून, की मी गप्प बसावं म्हणून?"

"त्यालाच विचार ना," मुलगी म्हणाली.

"तो खरं सांगेल हे कशावरून?"

"मग तू सांग." तिने खेळ सुरू केला, नायकाला एका गल्लीतून पळवत नेलं आणि एका दारातून आत शिरवलं. माझा ट्रॅक वाजायला लागला. "हे तुझं आहे हे विसर. कोणीतरी पाठवलंय असं समज. घेण्यासारखं आहे की नाही, ते सांग."

मी खुर्ची ओढून बसले. एक फेरा पूर्ण ऐकला, मग दुसरा. ती काही विकत न घेता दुकानात उभी राहिली. मी स्वतःचं काही असं कधी ऐकलं नव्हतं. करताना ऐकलं होतं, पण तेव्हा प्रत्येक वेळी चूक शोधायची घाई असायची.

"सुरुवात लांबली आहे," मी म्हणाले. "वर चढतानाचा सूर अजून मऊ हवा होता."

"आणि?"

"मी असते तर घेतला असता."

"नक्की?"

"हो. नक्की."

"मग झालं," ती म्हणाली, आणि एक तलवार घेऊन नायकाला दुकानाबाहेर काढलं. ट्रॅक अर्ध्या ओळीवर तुटला, जसा दुकानातून बाहेर पडल्यावर तुटायला हवा तसाच.